चंचलतेची मोजदाद

१९३७ च्या नोव्हेंबरात ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या र्‍होड आयलंड राज्यात, ईस्ट प्रॉव्हिडन्स गावी, १९३१ पासून मुलांचे एक निवासी रुग्णालय चालत होते. ब्रॅडली घराण्यातल्या एमा या मुलीला सातव्या वर्षी मेंदूचा दाह होऊन ती कायमची अधू झाली होती. तिच्या आईवडिलांनी अशाच मुलांसाठी ठेवलेल्या संपत्तीतून तिच्या नावाचे हे रुग्णालय उभे राहिले आणि डॉ. ब्रॅडली त्याच कुटुंबातले. त्या काळी मेंदूची क्ष-किरण छायाचित्रे काढायची तर मणक्यातले पाणी काढून आत हवा भरावी लागे, आणि त्यानंतर मुलांचे डोके भयंकर दुखत असे. त्यावर उतारा म्हणून ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक देऊन पाहिले. डोकेदुखीला त्याचा विशेष उपयोग झाला नाही, पण काही मुले अचानक अभ्यासाला बसू लागली. मग त्यांनी ५ ते १४ वर्षांच्या ३० मुलांना आठवडाभर हे औषध दिले. त्यांपैकी १४ मुलांच्या शाळेतल्या कामात लक्षणीय सुधारणा दिसली आणि औषध थांबवताच ती ओसरली. मुले या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. एवढे ठळक निरीक्षण वैद्यकविश्वाने जवळजवळ पंचवीस वर्षे बाजूला ठेवले.

याचे कारण शोधताना बहुतेक इतिहासकार मनोविश्लेषणाकडे बोट दाखवतात आणि त्यात तथ्यही आहे. १९४० आणि ५० च्या दशकांत अमेरिकी बालमानसोपचारावर फ्रॉइडच्या विचारांची घट्ट पकड होती. मूल बेफाम वागते ते मनातल्या संघर्षामुळे, आणि तो संघर्ष खेळातून, संवादातून उकलायचा. गोळी देणे म्हणजे मूळ दुखणे झाकणे, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. पण आणखी एक कारण होते आणि मला ते अधिक निर्णायक वाटते. ब्रॅडलींपाशी पुरावा होता तो परिचारिकांच्या आणि शिक्षकांच्या नजरेचा. ही मुले रात्रंदिवस रुग्णालयातच राहत, म्हणून ही नजर पुरी पडली. घरी राहून शाळेत जाणाऱ्या मुलाचे काय? औषधाने ते सुधारले हे कोणी, कधी आणि कशावरून ठरवायचे? ताप असेल तर पारा चढतो, मधुमेह असेल तर रक्तात साखर सापडते. चंचलता मोजायला काही नव्हते. हे माप ज्यांनी तयार केले त्या सी. कीथ कॉनर्स यांची अर्धशतकाहून मोठी कारकीर्द म्हणजे अवधानविकाराच्या, आज घरोघरी ठाऊक असलेल्या एडीएचडीच्या, इतिहासाचा कणा आहे. माझे म्हणणे असे की हे माप मुलांच्या गटांची तुलना करण्यासाठी घडवले गेले होते आणि त्या कामात ते अत्यंत प्रामाणिक होते. एकट्या मुलाच्या माथी निदान मारण्यासाठी ते जेव्हा एकटेच वापरले जाऊ लागले, तेव्हा अनर्थ सुरू झाला. आणि ही मर्यादा दाखवणारा सर्वांत भक्कम पुरावा कॉनर्स यांच्या स्वतःच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातच सापडतो.

ही मुले विसाव्या शतकाच्या मध्यावर एकाएकी उगवली नव्हती. १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी तीन व्याख्याने दिली. बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवर घालू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन त्यांत आहे. स्टिल यांची भाषा आज खटकते. त्यांनी या दोषाला नैतिक नियंत्रणाचा दोष मानले. पण शिक्षेचा परिणाम न होणारी, एका गोष्टीवर मन न ठरणारी ही मुले वाईट संस्कारांतूनच घडतात असे नाही, हे त्यांना दिसले होते. पुढे १९१७ पासून युरोप-अमेरिकेत मेंदूदाहाची एक विचित्र साथ पसरली. त्यातून वाचलेली कित्येक मुले आजारानंतर पूर्णपणे बदलली, अस्वस्थ, उतावीळ, अनावर झाली. मेंदूला इजा झाली की वागणूक बिघडू शकते, हे या साथीने ढळढळीत दाखवले. त्यावरून उलटा निष्कर्षही काढला गेला की वागणूक बिघडली आहे म्हणजे मेंदूला कुठेतरी बारीकशी इजा असणारच. इजेचा मागमूस नसलेल्या हजारो मुलांवर पुढली काही दशके ‘अल्प मेंदूविकृती’ असा शिक्का बसत राहिला तो या उलट्या तर्कामुळे.

१९५० च्या दशकात मनोविकारांवरची नवी औषधे आली आणि वारे फिरले. क्लोरप्रोमाझिनने मनोरुग्णालयांचे वातावरण बदलले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने १९५६ मध्ये औषधांच्या पद्धतशीर चाचण्यांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. मुलांवरील औषधांच्या अभ्यासासाठी आलेला पहिला सरकारी निधी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या लिऑन आयझेनबर्ग यांना मिळाला. स्वमग्नतेचे पहिले वर्णन करणाऱ्या लिओ कॅनर यांचे हे शिष्य, आणि १९५९ पासून त्यांच्याच जागी बालमानसोपचार विभागाचे प्रमुख. आयझेनबर्ग औषधांचे भक्त नव्हते, हे मुद्दाम सांगायला हवे. त्यांच्या चमूने आधी मुलांमध्ये तपासली ती त्या वेळी लोकप्रिय असलेली शामक औषधे, आणि ती बनावट गोळीपेक्षा सरस नाहीत असे निःसंकोच जाहीर केले. औषध खरे की बनावट हे डॉक्टर, पालक, मूल यांपैकी कोणालाच माहीत नसायचे, अशी ही पद्धत. प्रौढांच्या वैद्यकात ती नुकती रुळत होती, बालमानसोपचारात ती नवीच होती. याच विभागात १९६० च्या सुमारास एक तरुण मानसशास्त्रज्ञ दाखल झाला.

कीथ कॉनर्स यांचा जन्म १९३३ चा, यूटा राज्यातल्या तांब्याच्या खाणींच्या मुलखातला. शालेय शिक्षण पुरे होण्याआधीच हुशार मुलांना प्रवेश देण्याच्या योजनेतून ते शिकागो विद्यापीठात गेले, तिथून ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला आणि नंतर हार्वर्डला, जिथे त्यांनी डॉक्टरेट मिळवली. ते वैद्यकाचे डॉक्टर नव्हते, औषध लिहून देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. त्यांच्यापाशी होती ती संख्याशास्त्राची तयारी, आणि या क्षेत्रात नेमकी तिचीच वानवा होती. १९६३ मध्ये कॉनर्स आणि आयझेनबर्ग यांनी मेथिलफेनिडेटच्या चाचणीचा निबंध प्रसिद्ध केला. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिआंड्रो पानिझोन यांनी १९४४ मध्ये हे द्रव्य तयार केले होते आणि आपल्या पत्नीच्या नावावरून त्याला रिटालिन हे नाव दिले होते. बनावट गोळी घेणाऱ्या मुलांच्या तुलनेत रिटालिन घेणाऱ्या मुलांची लक्षणे आणि शिकणे दोन्ही सुधारले. ब्रॅडलींनी डोळ्यांनी पाहिलेले आता आकड्यांत दिसले.

पण आकडे आले कुठून? कॉनर्स यांचे मोठे काम इथे आहे. हॉपकिन्सच्या बाह्यरुग्ण विभागात मुलांच्या तक्रारींच्या याद्या आधीपासून वापरात होत्या. पालक किंवा शिक्षक त्यांवर खुणा करत, तो कागद नोंदीत लागे आणि तिथेच पडून राही. कॉनर्स यांनी असे शेकडो कागद घेऊन घटक-विश्लेषण या संख्याशास्त्रीय तंत्राने पाहिले की कोणत्या तक्रारी एकमेकींच्या सोबतीने येतात. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शिक्षकांसाठीच्या प्रश्नावलीत ३९ विधाने होती. प्रत्येकासमोर चार पर्याय: मुळीच नाही, थोडेसे, बरेच, फारच. त्यांना शून्य ते तीन असे गुण. शिक्षकाला ती भरायला काही मिनिटे पुरत. विश्लेषणातून उद्धटपणा, दिवास्वप्नात हरवणे, भित्रेपणा, अतिचंचलता असे गट वेगवेगळे निघाले. यातली एक बारकाई फार महत्त्वाची आहे. वर्गात शांत बसून खिडकीबाहेर पाहणारे मूल आणि बाकावरून सारखे उठणारे मूल हे १९६९ मध्येच या आकड्यांनी वेगळे दाखवले होते. वैद्यकीय वर्गीकरणाला तिथे पोहोचायला आणखी अकरा वर्षे लागली.

शिक्षकच का, याचेही उत्तर साधे आणि पटणारे होते. पालकांपुढे तुलनेला एक-दोन मुले असतात, शिक्षकापुढे एकाच वयाची पंचवीस-तीस. मुलाला गोळी मिळते आहे की बनावट गोळी, हे शिक्षकाला ठाऊक नसते. शिवाय शाळेत एका जागी बसून ऐकावे लागते, आणि ज्या कसोटीवर ही मुले उतरत नाहीत ती कसोटी तिथेच रोज लागते. औषधाच्या चाचणीसाठी याहून चांगला साक्षीदार मिळणे अवघड होते. त्या १९६९ च्या निबंधाच्या शीर्षकातच ही प्रश्नावली औषधांच्या अभ्यासात वापरायची आहे असे स्पष्ट म्हटले होते. समजा चाळीस मुलांच्या गटाची सरासरी औषधाने खाली आली. त्यातल्या एखाद्या शिक्षकाचा स्वभाव कडक असला किंवा एखाद्या मुलाच्या घरी त्या आठवड्यात काही बिनसले असले, तरी गटाच्या सरासरीत असे चढउतार एकमेकांना छेद देतात. एका मुलाच्या एका कागदावर मात्र तो कडकपणा आणि ते बिनसणे जसेच्या तसे उतरते. त्याला छेद द्यायला तिथे दुसरे काही नसते.

यानंतरचा टप्पा वादळाचा होता. १९७० च्या जूनमध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने बातमी दिली की नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात शाळकरी मुलांपैकी पाच ते दहा टक्के मुलांना वागणूक सुधारण्याची औषधे दिली जात आहेत. तो आकडा खरे तर सगळ्या मुलांना लागू नव्हता, पण खुलासा होईपर्यंत देश खवळला होता. सप्टेंबरात कॉर्नेलियस गॅलघर यांच्या अध्यक्षतेखाली अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने सुनावणी घेतली. नागरी हक्कांची चळवळ जोरात होती आणि सरकार वस्त्यांतल्या मुलांना गोळ्या देऊन गप्प बसवते आहे, ही भीती तेव्हा निराधार वाटणारी नव्हती. १९७१ मध्ये सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने योग्य निदान झालेल्या मुलांसाठी उत्तेजक औषधे उपयुक्त असल्याचे मान्य केले. त्याच वर्षी अँफेटामिन आणि मेथिलफेनिडेट सर्वांत कडक नियंत्रणाच्या वैध औषधांत गेली. पण ‘योग्य निदान’ म्हणजे काय, या प्रश्नाची तड लागली नाही. ती पोकळी हाताशी असलेल्या प्रश्नावलीने भरून निघाली. मूळ प्रश्नावल्यांमधून निवडलेल्या दहा विधानांचा एक छोटा कागद संशोधकांत लोकप्रिय झाला होता. तीसपैकी पंधरा किंवा अधिक गुण मिळाले तर मूल अभ्यासात घ्यायचे, असा संकेत पडला. अभ्यासासाठी मुले निवडताना कुठेतरी रेघ ओढावीच लागते, त्यामुळे त्यात गैर काही नव्हते. पण हीच रेघ दवाखान्यांत पोहोचली आणि तिच्या अलीकडचे मूल निरोगी, पलीकडचे आजारी, असा व्यवहार सुरू झाला. शिवाय त्या दहा विधानांत रडणे, आदळआपट, मनाची चटकन पालटणारी अवस्था हेही होते. त्यामुळे भांडखोर मूल सहज पंधरा गाठे आणि गप्प बसून हरवलेले मूल खाली राही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत हा आक्षेप इतर संशोधकांनी घेतला आणि तो बरोबर होता.

निदानाला दुसरा आधार शोधला जात होता तो औषधाच्या परिणामाचा. गोळी लागू पडली, म्हणजे आजार होता. डॉक्टर आणि पालक दोघांनाही हा तर्क पटायचा. १९७८ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या ज्यूडिथ रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने तो कायमचा मोडायला हवा होता. कोणताही विकार नसलेल्या १४ मुलग्यांना त्यांनी डेक्स्ट्रोअँफेटामिनचा एक डोस दिला. ही निरोगी मुलेही शांत झाली, त्यांचेही लक्ष अधिक टिकले. उत्तेजक औषधाचा हा परिणाम चंचल मुलांपुरता नव्हता. दुर्दैवाने प्रयोगशाळेत मोडलेला हा तर्क दवाखान्यात टिकून राहिला. आजही तो ऐकू येतो.

याच काळातला एक प्रसंग कॉनर्स यांच्या स्वभावाची ओळख करून देतो. सॅन फ्रान्सिस्कोचे अ‍ॅलर्जीतज्ज्ञ बेंजामिन फाइनगोल्ड यांनी १९७५ मध्ये एका पुस्तकात मांडले की खाद्यपदार्थांतले कृत्रिम रंग आणि स्वाद हेच अतिचंचलतेचे मोठे कारण आहे. हजारो आईवडिलांनी स्वयंपाकघरे पालटली आणि मुले सुधारल्याचे सांगितले. औषधावर विश्वास बसलेल्या संशोधकाने हे हसण्यावारी नेले असते तर नवल नव्हते. कॉनर्स यांनी ते तपासले. १९७६ मध्ये त्यांनी १५ मुलांवर पहिली नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली: काही आठवडे फाइनगोल्ड यांचा आहार, काही आठवडे तितकाच त्रासाचा पण निरर्थक आहार, आणि कोणता कधी हे गुणांकन करणाऱ्यांपासून लपवलेले. या पहिल्या फेरीत शिक्षकांच्या गुणांत आहाराच्या बाजूने थोडा फरक दिसला आणि तो त्यांनी तसाच मांडला. पुढच्या, अधिक काटेकोर प्रयोगांत हा फरक बव्हंशी विरला, तेव्हा १९८० मध्ये पुस्तक लिहून तेही मांडले. कित्येक वर्षांनी, २००७ मध्ये, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासात काही रंगांचा सर्वसाधारण मुलांच्या चंचलतेवर लहानसा परिणाम आढळला, म्हणजे प्रश्न अगदीच पोकळ नव्हता. आपल्या मापाने मिळालेले उत्तर आपल्याला सोयीचे आहे की नाही याची पर्वा न करणे, ही या माणसाची खरी ताकद होती.

आजाराचे रूपही याच सुमारास पालटले. माँट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठातल्या व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्याख्यानात दाखवून दिले की या मुलांची मुख्य अडचण हातापायांची चुळबुळ ही नाही. लक्ष टिकवता न येणे आणि उतावीळपणा आवरता न येणे ही मुख्य अडचण आहे. १९८० मध्ये अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीने हे स्वीकारले आणि चंचलतेसह किंवा तिच्याविना असा अवधानविकार नोंदवला. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत आजचे एडीएचडी हे नाव आले. इथे एका मोठ्या आक्षेपाला उत्तर द्यायला हवे. कित्येकांना वाटते की हा विकार म्हणजे औषध कंपन्यांनी आणि त्रासलेल्या शिक्षकांनी मिळून रचलेली कथा आहे. इतिहास त्याला साक्ष देत नाही. स्टिल यांच्या काळी विकण्यासारखी गोळीच नव्हती. माँट्रियलच्याच गॅब्रिएल वाइस आणि लिली हेक्टमन यांनी अतिचंचल मुलांचा प्रौढ वयापर्यंत माग ठेवला, तेव्हा अर्धवट सुटलेली शिक्षणे, अपघात, नोकरीतली धरसोड हे सारे तुलनेच्या गटापेक्षा त्यांच्यात अधिक आढळले. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत या विकारातली आनुवंशिकता ७० ते ८० टक्क्यांच्या घरात येते. दुःख खरे आहे, आणि ज्या मुलाला त्याने ग्रासले आहे त्याला मदत नाकारणे हा क्रूरपणा आहे. वाद आहे तो सीमारेषेचा. उंची किंवा रक्तदाबाप्रमाणे लक्ष देण्याची क्षमताही माणसांत सलग पसरलेली असते. टोकावरच्या मुलाबद्दल कोणाचे दुमत होत नाही. मधल्या पट्ट्यातल्या मुलांना कोणत्या बाजूला टाकायचे, हे मात्र कागदावरचे गुण एकटे ठरवू शकत नाहीत.

नव्वदच्या दशकात ही सीमारेषा ढकलणारी बळे एकवटली. १९९१ मध्ये अमेरिकी शिक्षणखात्याने स्पष्ट केले की अवधानविकार असलेली मुले विशेष शिक्षणाच्या सवलतींना पात्र ठरू शकतात. निदान हा मदतीचा दरवाजा झाला. १९९६ मध्ये अ‍ॅडरॉल आणि २००० मध्ये दिवसभर पुरणारे कॉन्सर्टा बाजारात आले, आणि शाळेत दुपारी गोळी घेण्याची लाज संपली. जाहिराती थेट आईवडिलांना उद्देशून येऊ लागल्या. विमा कंपन्या छोट्या भेटीचे पैसे देत, दीर्घ मुलाखतीचे देताना हात आखडत. अशा वेळी काही मिनिटांत भरून होणारी प्रश्नावली डॉक्टरांना सोयीची न वाटती तरच नवल. कॉनर्स यांच्या प्रश्नावल्या आता व्यावसायिक प्रकाशनामार्फत विकल्या जात. १९९७ आणि २००८ मध्ये त्यांच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या, वय आणि लिंगानुसार नवे प्रमाणक बसवले गेले. एकेक अक्षर पडद्यावर येत असताना एक्स सोडून प्रत्येक अक्षराला कळ दाबायची, अशी त्यांची संगणकीय चाचणीही जगभर पसरली. १९९६ मध्ये त्यांनी या विषयाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले.

तेव्हा ते नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात होते, आणि तिथूनच ते या क्षेत्रातल्या सर्वांत मोठ्या चाचणीत उतरले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने अनेक केंद्रांवर चालवलेल्या या बहुविध उपचार-अभ्यासात सात ते नऊ वर्षांची ५७९ मुले होती. चौदा महिने चार गटांत उपचार झाले: काळजीपूर्वक ठरवलेले औषध, आईवडील-शिक्षक-मूल या तिघांसोबतचे सखोल वर्तनोपचार, दोन्ही एकत्र, आणि चौथ्या गटाला गावातले नेहमीचे डॉक्टर. १९९९ च्या डिसेंबरात निकाल आले. मुख्य लक्षणांवर औषधाचे दोन्ही गट पुढे होते. वृत्तपत्रांनी आणि कंपन्यांनी मथळा उचलला की गोळी जिंकली. पण याच निकालातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलेल्या मुलांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलेही तशीच औषधे घेत होती, तरी ती अभ्यासातल्या औषध-गटाच्या मागे पडली. फरक होता तो देखरेखीत. अभ्यासातला डॉक्टर दर महिन्याला साधारण अर्धा तास भेटे, शिक्षकांशी संपर्क ठेवी, मात्रा एकेका मुलासाठी शोधून काढे. बाहेरचा डॉक्टर वर्षातून एक-दोनदा, थोडा वेळ भेटे. २००१ मध्ये कॉनर्स यांनी त्याच आकड्यांचे वेगळे विश्लेषण प्रसिद्ध केले. घरची आणि शाळेची सगळी मापे एकत्र केली तर औषध आणि वर्तनोपचार यांची जोड नुसत्या औषधापेक्षा सरस दिसते, असा त्यांचा निष्कर्ष होता. मथळ्यांनी तो उचलला नाही. २००७ मध्ये तीन वर्षांनंतरची तपासणी आली, तेव्हा चारही गटांतला फरक पुसला गेला होता, आणि आणखी पुढच्या तपासणीत सातत्याने औषध घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरीने काहीशी कमी भरली. औषध लगेच लागू पडते आणि लगेच ओसरते, हे तर ब्रॅडलींनी १९३७ मध्येच लिहून ठेवले होते.

२०१३ च्या अखेरीस कॉनर्स वॉशिंग्टनमध्ये आपल्याच क्षेत्रातल्या तज्ज्ञांपुढे उभे राहिले. अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राच्या आकड्यांनुसार माध्यमिक शाळेच्या वयाच्या सुमारे १५ टक्के मुलांना हे निदान मिळाले होते. औषध घेणाऱ्या मुलांची संख्या १९९० मधल्या ६ लाखांवरून ३५ लाखांवर गेली होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्या डिसेंबरात दिलेल्या दीर्घ वृत्तान्तात कॉनर्स यांनी या वाढीला राष्ट्रीय आपत्ती म्हटले, आणि ही साथ आजाराची नसून औषधे बेसुमार वाटण्यासाठी रचली गेली आहे असा आरोप केला. ऐंशी वर्षांच्या संशोधकाने आयुष्यभराच्या कामाच्या फळाविषयी असे बोलावे, याला धैर्य लागते.

यावरही आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. संख्या वाढली ती विकार आता ओळखला जातो म्हणून, पूर्वी मुली आणि शांत मुले निसटत होती म्हणून, असे अनेक तज्ज्ञ म्हणतात. काही प्रमाणात ते खरेच आहे. पण नुसत्या ओळखीने उलगडत नाहीत अशा गोष्टी दिसतात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी २०१२ मध्ये तपासल्या गेल्या. तिथे शाळाप्रवेशाची तारीख ३१ डिसेंबर असल्याने डिसेंबरात जन्मलेले मूल वर्गात सर्वांत लहान असते. जानेवारीत जन्मलेल्यांच्या तुलनेत डिसेंबरच्या मुलग्यांना हे निदान मिळण्याचे प्रमाण ३० टक्क्यांनी आणि मुलींना ७० टक्क्यांनी अधिक निघाले. मेंदूचा विकार जन्माचा महिना पाहून येत नाही. एका वर्गात एकाच वयाची मुले असतात हे गृहीत धरून शिक्षकाच्या नजरेवर सारी भिस्त ठेवली होती. त्या गृहीतातली अकरा महिन्यांची फट निदानांत उघडी पडली. गटांच्या चाचणीत ही फट निरुपद्रवी होती, कारण औषधाच्या आणि बनावट गोळीच्या गटांत डिसेंबरची मुले सारखीच वाटली जातात. दवाखान्यात समोर बसलेले डिसेंबरचे मूल मात्र एकटे असते.

मग कॉनर्स यांची जबाबदारी किती? मापाचा गैरवापर झाला तर माप करणाऱ्याला दोष का, असे म्हणून त्यांना पूर्ण मोकळे सोडता येणार नाही. त्या प्रश्नावल्या विकल्या जात होत्या त्या काळात दवाखान्यांत काय चालले आहे, हे त्यांच्यापासून लपलेले नसणार, आणि २०१३ चा जाहीर इशारा दहा-पंधरा वर्षे आधी तितक्याच मोठ्या आवाजात आला असता तर त्याचे वजन अधिक पडले असते. पण मुख्य दोष त्या व्यवस्थेचा आहे जिने वेळखाऊ निदानाचे पैसे द्यायचे नाकारले. बालमार्गदर्शनाच्या जुन्या पद्धतीत मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता एकत्र बसून मुलाचे घर, शाळा, आजारपण, झोप, भीती यांचा विचार करत. मुंबईत टाटा समाजकार्य विद्यालयाने भारतातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र उघडले तेही याच पद्धतीचे, आणि तेही १९३७ मध्येच. त्या पद्धतीत मोजमाप जवळजवळ नव्हते, हा तिचा मोठा उणेपणा. कॉनर्स यांच्या कामाने तो भरून निघू शकत होता. प्रत्यक्षात अमेरिकेत मोजमाप आले आणि एकत्र बसणारी ती माणसे हटली. मुंबई-पुण्याच्या दवाखान्यांतही आज याच प्रश्नावल्या वापरात आहेत. त्यांच्याभोवती किती माणसे बसतात आणि किती वेळ बसतात, यावर तिथल्या निदानांची विश्वासार्हता ठरणार आहे.

कॉनर्स २०१७ च्या जुलैत नॉर्थ कॅरोलायनातल्या डरॅम शहरी वारले. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत निदानासाठी घर आणि शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणची माहिती आणि इतर कारणांचा शोध आवश्यक ठरवला आहे, आणि सहा वर्षांखालील मुलांसाठी औषधाआधी आईवडिलांना वर्तन-व्यवस्थापनाचे प्रशिक्षण सुचवले आहे. डॉक्टरने त्यासाठी द्यायच्या वेळाचे पैसे कोण भरणार, हे मात्र त्या सूचनांच्या हाती नाही.